चव आणि घास

गेल्या माघात नाशिकजवळच्या एका द्राक्षमळ्यात वाइनचा आणि ठिकठिकाणच्या खाद्यपदार्थांचा उत्सव होता. तेथे मी गेलो होतो. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एकदा एप्रिलच्या सुमारास आणि एकदा पावसाळा सरल्यावर. फळ मात्र एकदाच, थंडी ओसरताना येते. म्हणून उत्सवाला हाच हंगाम.

मांडवात शेनिन ब्लांक, शिराझ अशा नावांच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. एक माहितगार गृहस्थ ग्लास फिरवीत, वास घेत, घोट तोंडात घोळवीत आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकीत. त्यांचे चुकत होते असे नाही. वीस वाइन गिळल्यावर एकविसाव्या वाइनचा निवाडा कोण करणार? शिवाय चव जिभेवर आणि नाकात असते, गळ्याखाली नसते. सगळे पटले. पण एका बाटलीला किलोभर, कधी त्याहून अधिक द्राक्षे लागतात, असे तेच गृहस्थ सांगत होते, आणि माझे डोळे राहून राहून त्या भांड्याकडे जात होते. पानात टाकल्याबद्दल लहानपणी बोलणी खाल्लेल्या माणसाचे दुसरे काय होणार!

मला आजी आठवली. नैवेद्याचा स्वयंपाक ती कधी चाखत नसे. मुद्दाम वाससुद्धा घेत नसे. मिठाचा अंदाज तिच्या बोटांतच होता. म्हणजे तिनेही घास गिळला नाही, ह्यांनीही नाही. तरी दोघांना एका पंक्तीला बसवायला मन तयार होईना. तिचा संयम दुसऱ्याच्या ताटासाठी होता. ह्यांचा कोणासाठी? विकत घेणाऱ्याला सल्ला मिळतो, हेही देणेच की! मग चाखून देणाऱ्या शबरीचे काय? वाल्मीकींच्या रामायणात उष्ट्या बोरांची गोष्ट नाही. ती लोकांनी मागाहून घातली. बरे केले, असे मला नेहमी वाटते.

ह्याच विचारात मी खानदेशी मांड्यांपाशी पोहोचलो. एक बाई हातांवर पोळी फिरवून अंगरख्याच्या बाहीएवढी पातळ आणि रुंद करीत होत्या आणि पालथ्या खापरावर टाकीत होत्या. एव्हाना मलाही परीक्षकाची लागण झाली होती. म्हटले, "चवीपुरता तुकडा द्या."

"तुकडा कसला दादा, अख्खा घ्या. बसा तिथं. आणि पुरण कसं झालंय ते खरं सांगा. माझी आज एकादस आहे, मी तोंडात घातलेलं नाही."

मी बसलो. पहिल्या घासालाच कळले, गूळ कमी पडला होता. पाहुण्याने असे बोलू नये, हा आपला शिरस्ता. 'फार छान' हे शब्द ओठांवर आलेच होते. पण बाईंचा हात खापरावर थांबला होता, आणि माझ्यामागे माणसांची रांग होती.

"थोडा गूळ हवा," मी म्हणालो.

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या, आणि विळी ओढून गूळ चिरायला बसल्या. मी उरलेला मांडा संपवला.