भाजक न सापडता

संख्या मूळ आहे की नाही, हे आपण शाळेत भागून पाहतो. २, ३, ५, ७ असं करत वर्गमुळापर्यंत जायचं. कुणाचाच निःशेष भाग गेला नाही तर ती मूळ. ऑयलरने १७७२ मध्ये २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, ही संख्या मूळ ठरवली तीही याच वाटेने. फक्त, हिला भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ उरलीच पाहिजे, हे त्याने ओळखलं आणि हजारो भागाकार वाचवले. तरी शोध भाजकाचाच होता.

ही वाट सोडली ती एदुआर ल्युकाने, १८७६ मध्ये. त्याच्या चाचणीला लेहमरने पुढे १९३० मध्ये सुटसुटीत रूप दिलं. ३१ वर ती करून पाहू. ४ चा वर्ग वजा २, म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २, म्हणजे १९४. त्याला ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग वजा २, म्हणजे ६२, बाकी शून्य. ३१ हा २ चा ५ वा घात वजा १, म्हणून ५ पेक्षा दोन कमी, अशा तीनच पायऱ्या. शेवटी शून्य आलं, संख्या मूळ! एकही भाजक तपासावा लागला नाही.

ल्युकाने २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला माहीत नव्हती. पण मला त्याचा दुसरा निष्कर्ष अधिक थोर वाटतो. २ च्या कोणत्या घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते, याची मर्सेनने १६४४ मध्ये यादी दिली होती, आणि तीत ६७ वा घातही धरला होता. ल्युका म्हणाला, ही संख्या मूळ नाही. मग तिचे भाजक कोणते? ते त्याच्याकडे नव्हते. १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे दोन अवयव फ्रँक कोलने मांडले १९०३ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी.

संख्या फुटते हे कळणं वेगळं आणि कुठे फुटते हे कळणं वेगळं. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी आपली गुप्तलेखनाची पद्धत याच दरीवर उभारली: मोठ्या मूळ संख्या शोधणं सोपं, त्यांच्या गुणाकारातून त्या परत काढणं महाकठीण. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणीन्द्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी पहिली बाजू कायमची पक्की केली. ल्युकाची चाचणी एका खास घडणीच्याच संख्यांना लागू पडते. यांची रीत कोणत्याही संख्येचा निःसंदिग्ध निकाल देते, आणि अंक वाढले तरी तिचं काम आवाक्याबाहेर जात नाही. दुसऱ्या बाजूला मात्र अवयव पाडणं मुळातच कठीण आहे की आपल्यालाच सोपी रीत सुचलेली नाही, याची सिद्धता अजून कुणाकडे नाही.

२ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या मूळ नाही, हे नक्की ठाऊक आहे. तिचा एकही भाजक अजून सापडलेला नाही.