कुठून बघितलंस?

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या भाचीचं एक चित्र बिघडवलं. त्या वेळी मला वाटत होतं, मी ते सुधारतोय.

ताई बारामतीत राहते. तिची मुलगी नववीत होती आणि इंटरमिजिएटला बसणार होती. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा तुमच्यापैकीही अनेकांनी दिल्या असतील. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीत 7 गुण वाढतात, बी मिळाली तर 5 आणि सी मिळाली तर 3. म्हणजे चित्रकलेची आवड असो-नसो, घरात या परीक्षेला किंमत असते.

मी पुण्याहून गेलो त्या दिवशी ती स्मरणचित्राचा सराव करत होती. विषय होता आठवडे बाजार. तिनं मेथीच्या जुड्या काढल्या होत्या, तराजू होता, वर ताडपत्री होती. भाजीवाली बाई मात्र पाठमोरी होती, आणि गिऱ्हाइकांना डोकीच नव्हती. छातीपर्यंत माणसं, त्यावर थेट ताडपत्रीची कड.

"अगं, माणसांची डोकी कुठं गेली?" मी हसलो. तिच्या हातातली पेन्सिल घेतली, खोडरबर घेतला. ताडपत्री वर सरकवली, चार चेहरे काढले, भाजीवालीला आपल्याकडे तोंड करून बसवलं. शाळेत माझा हात बरा होता, तो अजून शाबूत आहे याचा थोडा आनंदही झाला. वीस मिनिटांत बाजार बाजारासारखा दिसायला लागला.

"छान झालं, मामा," ती म्हणाली आणि वही मिटली.

ताईच्या सासूबाई शेतातला भाजीपाला घेऊन बाजारात बसतात. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी अजून तिथंच होतो, म्हणून जुड्या उतरवायला गेलो. काम झाल्यावर भाचीनं नेहमीच्या सवयीनं आजीच्या मागं पोतं अंथरलं आणि मला शेजारी जागा दिली. मी बसलो, समोर बघितलं, आणि पोटात खड्डा पडला.

आजीची पाठ. तराजूची दोरी. जुड्यांचा ढीग. आणि त्यापलीकडे गिऱ्हाइकं, छातीपर्यंत. डोकी ताडपत्रीच्या कडेआड.

तिनं एक रेघही चुकीची काढली नव्हती. लहानपणापासून तिनं बाजार जिथून बघितला, तिथून तो असाच दिसतो. तिची ही जागा पुसून मी तिला कुणाचीच नसलेली जागा दिली होती. मी काढलेला बाजार कुठल्याही सराव-पुस्तकात सापडतो.

मला आमचे चित्रकलेचे सर आठवले.

इंदापूर तालुक्यातलं आमचं गाव उजनीच्या फुगवट्याच्या काठावर आहे. भीमेवरचं धरण 1980 साली पुरं झालं आणि कितीतरी गावांना जुन्या जागा सोडाव्या लागल्या. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं, हिवाळ्यात भिगवणकडच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. एवढं सगळं दाराशी असताना आम्ही पोरं मात्र निसर्गचित्र म्हणून दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि झोपडी काढायचो. सर त्यावर रागवायचे नाहीत. फक्त विचारायचे, "छान. कुठून बघितलंस?"

पोरगं गप्प. आमच्या गावातून असे डोंगर दिसतच नाहीत.

सरांचा दुसरा नियम म्हणजे मुलाच्या कागदाला ते पेन्सिल लावायचे नाहीत. काही दाखवायचं झालं तर फळ्यावर किंवा वेगळ्या कागदावर काढून दाखवायचे, आणि तो कागद घडी करून खिशात टाकायचे. "बघितलंस ना? आता तुझ्या कागदावर तुझं काढ."

याचा अर्थ सगळं चालायचं, असं मुळीच नाही. वस्तुचित्राच्या तासाला वर्गाच्या मधोमध बादली ठेवलेली असायची आणि आम्ही तिच्याभोवती गोल करून बसायचो. खाली बसलेल्याला बादलीचं तोंड चपटं दिसायचं, बाकावरच्याला जास्त गोल. कडी कुणाला डावीकडे पडलेली दिसायची, कुणाला उजवीकडे. सर म्हणायचे, "तीस जणांच्या तीस बादल्या झाल्या पाहिजेत. दोन सारख्या निघाल्या, तर एकानं बादलीऐवजी शेजाऱ्याकडं बघितलंय." आणि मग ते तुमच्या पाठीमागं येऊन, वाकून, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून बादली बघायचे. तिथून तोंड चपटं दिसत असेल आणि तुम्ही गोल काढलं असेल, तर ती चूक. ती दुरुस्त करावीच लागायची.

आज विचार करताना वाटतं, कलाशिक्षणातल्या एका जुन्या वादाचं उत्तर त्या बादलीपाशी होतं. एक बाजू म्हणते, आधी नक्कल करून हात तयार करा. दुसरी म्हणते, मुलांना मोकळं सोडा. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी 1897 साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला, तो याच दुसऱ्या विश्वासावर. आपल्याकडे शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद 1944 मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. प्रत्येक मुलाला चित्रकार बनवायचं नसलं तरी प्रत्येकाच्या शिक्षणात कला हवी, या विचारानं त्यांनी तिथं काम केलं. मला ही बाजू जवळची वाटते. पण नक्कल वाईटच, असंही म्हणवत नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. तीही नक्कलच. मात्र त्यासाठी अंधाऱ्या लेण्यात भिंतीसमोर बसून रेघ न् रेघ बघावी लागत होती. दोन डोंगर आणि सूर्य काढायला काहीच बघावं लागत नाही.

बादली सांगते की खरं चित्र एकच नसतं. पण म्हणून कुठलंही चित्र खरं ठरत नाही. प्रत्येक जागेवरून एक बरोबर असतं आणि पुष्कळ चूक असतं. शिक्षकाला ते तपासायचं असेल, तर मुलाच्या जागेवर जाऊन बसावं लागतं. मी बसलो नव्हतो. मी माझ्या जागेवरून तिची चूक काढली होती.

दिवाळीच्या आत सरांना भेटायचंच ठरवलं. निवृत्तीनंतर ते इंदापुरात राहतात. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते माझी खरडपट्टी काढतील.

"पेन्सिल मीही लावलीय एकदा," ते म्हणाले. "परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. पोराचा घडा काही केल्या उभा राहीना. मी चार रेघा मारल्या, घडा उभा राहिला. त्यानं नंतर घरी चित्र दाखवलं, तर वडिलांनी विचारलं, तू काढलंस? तो म्हणाला, सरांनी. वास्तविक निम्म्याहून जास्त त्याचं होतं. माझ्या चार रेघांनी त्याचं सगळं माझं होऊन गेलं. तेव्हापासून बंद."

मग थोडं थांबून म्हणाले, "पण उलटंही झालंय. एका पोरीला मी नुसतं 'बघ, बघ' म्हणत राहिलो. तिला दिसत होतं रे, हात कसा चालवायचा ते कळत नव्हतं. ते दाखवणं माझं काम होतं. मी माझा नियम सांभाळत बसलो आणि ती चित्र सोडून गेली. हात न लावणं हा कधीकधी आळसही असतो, बघ."

मी परीक्षेचं विचारलं. बिनडोक्याच्या गिऱ्हाइकांना परीक्षक कमी गुण देणार नाहीत का?

"देतीलही. त्यांच्यासमोर शेकडो कागद असतात, प्रत्येकाच्या पोत्यावर जाऊन ते कसे बसणार? म्हणून तिला चेहरेही शिकव. तत्त्व तुझं आणि मार्क तिचे, असा सौदा करू नकोस. आणि पहिल्यांदा तिला सांग, की तिचं बरोबर होतं."

बसमध्ये मला ऑफिस आठवत राहिलं. टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलाचा कोड तपासताना मी कितीदा तरी त्याला न विचारता सगळा पुन्हा लिहून टाकलाय. वेळ वाचतो, कोड चालतो, तो "थँक्यू" म्हणतो. "छान झालं, मामा" आणि ते "थँक्यू" एकाच सुरातले होते, हे मला तोवर ऐकू आलं नव्हतं.

बारामतीला गेल्यावर मी भाचीला सांगितलं, "त्या दिवशी तुझं चित्र बरोबर होतं. मी न विचारता खोडलं. चुकलं माझं."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, बाजार तसाच काढायचा असतो."

या वाक्यानं मला जास्त लागलं. तिनं माझ्यावर राग धरला नव्हता. तिनं आपल्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला होता, आणि तेही इतक्या सहज.

परीक्षा तोवर होऊन गेली होती. तिथं काय काढलं, ते मी विचारलं नाही. मी वेगळा कागद घेतला आणि वाकलेल्या माणसाची मान, खांदा, चेहरा कसा बसवायचा ते दाखवलं. मग कागद घडी करून खिशात टाकला. सरांची सवय, दुसरं काय.

रात्री तिनं वही आणून दिली. तोच बाजार, तीच आजीची पाठ, तीच ताडपत्रीची कड. गिऱ्हाइकं छातीपर्यंतच होती. फक्त एक बाई जुडी निवडायला खाली वाकली होती, त्यामुळं तिचा चेहरा ताडपत्रीच्या आत आला होता. नाक जरा मोठं झालं होतं.

मी पेन्सिलीला हात लावला नाही. पोत्यावरून ते नाक केवढं दिसतं, हे बघायला आता मला पुढच्या बाजाराला जावं लागणार आहे.