परतीचे ताट

दिवाळी जवळ आली की मुंबई-पुण्याच्या एस. टी. स्थानकांवर माणसांपेक्षा पिशव्याच अधिक दिसू लागतात. जो तो गावी निघालेला असतो. चार दिवस गावी राहून परतलेला माणूस ओळखायला वेळ लागत नाही. तो आल्याआल्या म्हणतो, "अहो, गावात काय कमी आहे? स्वच्छ हवा, घरचे दूध, आडाचे पाणी, आणि हाक मारली की धावून येणारी माणसे!" त्याच गावात बाराही महिने काढणारा त्याचा चुलतभाऊ त्याला गाडीत बसवून देताना मनाशी म्हणत असतो, "गावात आहे काय?" दोघेही खोटे बोलत नाहीत. मौज एवढीच की, दोघे एकाच गावाविषयी बोलत असतात.

यांपैकी पाहुण्याची साक्ष आपल्याला फारशी उपयोगाची नाही. चार दिवसांत त्याला ताप येत नाही, मुलाचे नाव शाळेत घालायचे नसते, सात-बाराच्या उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहायची नसते, रात्री-अपरात्री सुईण शोधायची नसते. गावाकडे त्याने काही मागितलेलेच नसते, मग गावाने नाही कधी म्हणावे? २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रातली शंभरांतली सुमारे पंचावन्न माणसे खेड्यांत राहत होती. प्रश्न त्यांना विचारला पाहिजे. पण विचारायचा तरी काय? गाव माणसाला पुरे पडते की नाही, हे मोजायचे कोणत्या मापाने?

सरकारी माप सोपे असते. शाळा आहे, नळ आहे, सडक आहे, दवाखाना आहे. पुढे खूण केली की झाले. पण 'आहे' आणि 'भागते' या दोन क्रियापदांत पुष्कळ अंतर आहे. महाडचेच उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले केल्याचे ठरवले. म्हणजे तळे होते, त्यात पाणी होते, आणि आता कागदही होता. तरी अस्पृश्यांची तहान काही त्या पाण्याने भागली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्याचे उत्तर म्हणून त्यांच्या माणसांना मारहाण झाली. कोर्टकज्जे चालू राहिले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. एका गावंढ्या शहराने आपल्या रहिवाशांची पाण्याची सोय केली होती की नव्हती? तुम्ही कोणाच्या घरातून हा प्रश्न विचारता, यावर त्याचे उत्तर अवलंबून राहील.

जुन्या गावाची बाजू मांडणारे लोक येथे थांबवून म्हणतील, "ते असो, पण गावाची म्हणून एक पुरी व्यवस्था होती!" होती, यात शंका नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून ती व्यवस्था सांगोपांग वर्णन केली. सुतार नांगर घडवी, लोहार फाळ शेवटी, चांभार मोट शिवी, कुंभार मडकी देई, न्हावी, परीट, गुरव, कोळी ज्याचे त्याचे काम करीत. महार-मांगांवाचून तर गावाचे पानही हलत नसे. मोबदला रोख नव्हता. सुगीला खळ्यावर ज्याच्या त्याच्या ओळीप्रमाणे बलुते मोजले जाई, आणि सणासुदीला, विशेषतः दिवाळीला, पोस्त मिळे. गरज उभी राहावी आणि ती भागवणारा माणूस आधीच नेमलेला असावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० साली हिंदुस्थानातल्या खेड्यांना लहान-लहान प्रजासत्ताकांची उपमा दिली, ती हेच पाहून.

या व्यवस्थेत वस्तूंची किंमत ठरलेली नव्हती, पण माणसांची ठरलेली होती. नांगर घडवणारा आणि मेलेले ढोर ओढणारा, दोघेही गावाला अत्यावश्यक. पण एकाला ओटीवर जागा आणि दुसऱ्याला वेशीबाहेर. शेतकरीही काही फार सुखी नव्हता. कोणाला किती पेंढ्या द्याव्या लागतील या धास्तीने खळ्यावर त्याचे काळीज धडधडे. बलुते हा हक्क होता खरा, परंतु तो मागायचा मान खाली घालूनच. म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी मेटकाफच्या त्या प्रजासत्ताकाचा दाखला काढला आणि खेड्याच्या गोडव्यांवर कठोर प्रहार केला, यात नवल नाही. ज्यांना गाव आठवते ते आणि ज्यांनी गाव सोसले ते, यांची गावे वेगळी असतात. महारवतनासारखी कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द करायला पुढे १९५८ साल यावे लागले.

मग शहर बरे का? पुष्कळांना ते बरे वाटले, आणि ते केवळ पोटासाठी नव्हे. शहरात न्हाव्याच्या दुकानात शिरले की तो आधी "बसा" म्हणतो. जात विचारीत नाही, बापाचे नाव विचारीत नाही. पैसे टाकले की व्यवहार पुरा झाला. उद्या त्याने आपल्याला ओळख दिली नाही तरी चालते, आपण त्याला दिली नाही तरी चालते. ज्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जोहार घातले, त्याला या तुटकपणात केवढे सुख वाटले असेल! गावाचा जिव्हाळा गेला म्हणून हळहळणाऱ्यांनी हे सुख समजून घेतले पाहिजे. मात्र पैशाची व्यवस्था पैसे असेपर्यंतच चालते. खिसा रिकामा झाला की शहर त्या माणसाला पाहीनासे होते. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचे दार दोन दिवस उघडले नाही, हे दुधाच्या पिशव्या साठल्यावर कळते.

तेव्हा एकीकडे उपकाराने भागणारी गरज आणि दुसरीकडे पैशाने भागणारी गरज. या दोहोंच्या मधली वाट आपल्या घरातच आहे, आणि ती या दिवसांत रोज पाहायला मिळते. शेजारच्या वहिनी फराळाचे ताट पाठवतात. त्यावर क्रोशाचा रुमाल असतो. आपण चकल्या, करंज्या काढून घेतो. पण ते ताट कोणी रिकामे परत करील का? चार अनारसे, ते बिघडले असतील तर निदान साखरेची चिमूट तरी त्यात पडतेच. लहान मुलांनाही हे शिकवावे लागत नाही. ताट परत जाते म्हणून घेणाऱ्याची मान वाकत नाही आणि देणाऱ्याची ताठ होत नाही. शेजारधर्माचे सारे शास्त्र या परतीच्या ताटात आहे. अडीअडचणीला मागितलेली वाटीभर साखर, आजारपणात शेजारणीने टाकलेल्या चार भाकरी, पेरणीला एकमेकांचे बैल घेऊन केलेला सावड हे सारे याच जातीचे. गाव गोड आहे ते एवढ्यापुरते, आणि हे थोडे नाही.

पण प्रत्येक घरातले ताट परत जात नसे. वाड्यावरून महारवाड्यात फराळ जात असे. महारवाड्यातून वाड्यावर काही येत नसे, आणि आले तरी ते कोणी तोंडात घातले नसते. आजही, जातीची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी, अशी घरे आहेतच. अंथरुणाला खिळलेली एकटी म्हातारी कोणाचे काय परत करणार? दर रात्री कोणाची तरी मोटारसायकल मागून दवाखाना गाठणारा भूमिहीन मजूर त्या उपकाराची फेड कशी करणार? तो फेडतो, पण निवडणुकीत हात वर करून, पाटलाच्या बांधावर एक दिवस फुकट राबून, किंवा नुसता गप्प बसून. मला वाटते, आपले माप येथे सापडते. जिथे ताट परत करता येते तिथे शेजारधर्म पुरे. जिथे ते परत करता येत नाही, तिथे गरज हक्कानेच भागली पाहिजे. नाहीतर ती भागूनही माणूस भागतोच!

हक्काची सोय कशी असते, हे पाहायचे तर आपली एस. टी. पाहावी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी निघाली. पुढे ही गाडी जिथवर गेली तिथवर एक नवी गोष्ट गेली : तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला बसायचा सारखा अधिकार. वाडीवरच्या मुलीला तालुक्याच्या कॉलेजात जायला आता कोणाच्या जीपमध्ये जागा मागावी लागत नव्हती. सकाळची गाडी तिची होती. हे किती मोलाचे होते ते २०२१ च्या अखेरीस कळले. कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत वाहतूक विस्कळीत राहिली. ज्यांच्या दारात गाडी होती त्यांना संप वर्तमानपत्रात वाचायला मिळाला. ज्या घरात एकच दुचाकी होती, तेथे ती बापाने किंवा भावाने नेली, आणि मुलगी घरी राहिली. गावाचे अंतर किलोमीटरात एकच असते. पण ते कापणाऱ्या पायांप्रमाणे ते लांबते. सपाटीवर तीस हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी हिशेब. कागदावर तो चुकीचा नाही. मात्र बारा किलोमीटर हे धडधाकट तरुणाला वीस मिनिटांचे, आणि पावसाळ्यातल्या रात्री कळा येणाऱ्या बाईला कधीकधी न संपणारे असते. कोणाच्या पायांनी मोजायचे हे ठरवल्याशिवाय गावाची सोय मोजता येत नाही.

पण कायद्याने हक्क दिला की काम संपले, असेही नाही. हातपंपाची दांडी तुटली की हक्क तिथेच उभा राहतो आणि बायका पुन्हा ओढ्यावर जातात. हक्क चालवायला माणूस लागतो, आणि तो माणूस जवळचा असावा लागतो. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली आले. आले ते औषधे घेऊन. पण लोकांनी आधी मागितले ते पाणी आणि अन्न. डॉक्टरांनी ते ऐकले, हा त्यांचा मोठेपणा. हातपंप बसले तेव्हा कित्येक ठिकाणी त्यांच्या जागा दलित वस्तीत येतील असे पाहण्यात आले. ज्यांनी आजवर दुसऱ्यांच्या विहिरीपाशी हंडा घेऊन कोणी पाणी वाढील याची वाट पाहिली, त्यांच्या अंगणात आता सारे गाव पाण्याला येऊ लागले. पाणी तेच, पण ताट उलट्या दिशेने फिरले. पुढे गावोगावच्या बायकांना, ज्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, आरोळ्यांनी बाळंतपण, जुलाब, खोकला यांवरचे उपचार शिकवले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हाच धागा पुढे नेला. गावातलीच बाई शिकवून तयार करायची आणि नवजात अर्भकाची काळजी त्याच्या घरी जाऊन घ्यायची. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, त्या ३९ गावांतले नवजात बालकांचे मृत्यू सुमारे बासष्ट टक्क्यांनी घटल्याचे दिसले. बारा किलोमीटरांचे ते अंतर येथे काही सडकेने तोडले नाही. शेजारच्या गल्लीतून चालत आलेल्या बाईने ते तोडले. ती आली ती उपकार करायला नव्हे, नेमून दिलेल्या कामाला आली. आणि तरीही ती परकी नव्हती. शेजारधर्माची ऊब आणि हक्काचा ताठ कणा एकाच माणसात असू शकतो, एवढे तरी या बायकांनी दाखवून दिले. २००५ पासून गावोगाव आशा सेविका आल्या, त्या याच विचाराच्या वारसदार. त्यांच्या कामाला आपण योग्य मोबदला देतो का, की त्यांच्या जिव्हाळ्यालाच पगार समजून वेळ मारून नेतो, हे मात्र ज्याने त्याने मनाशी विचारावे. ज्या गावात सेवेकऱ्याचे ताट रिकामे परत जाते, ते गाव बलुत्याच्या काळातून अजून पुरते बाहेर पडलेले नाही.

म्हणून कोणी आपल्या गावाची थोरवी सांगू लागला की, गावात काय काय आहे हे त्याला विचारू नये. विचारावे ते हे : तुमच्या गावात सर्वांत अडलेल्या माणसाला पाणी, औषध, शाळा आणि गाडी मिळवायला कोणाची मर्जी राखावी लागते? "कोणाचीच नाही," असे उत्तर मिळाले, तर गावात डांबरी रस्ता नसला तरी ते गाव आपल्या माणसांना पुरे पडले असे खुशाल समजावे. आणि दुसरा प्रश्न : ज्याने काही मागितलेच नाही, त्याच्याकडे पाहायला जाते कोण? पहिल्या प्रश्नाला कायदा उत्तर देऊ शकतो. दुसऱ्याला मात्र शेजाऱ्यांनीच उत्तर द्यायचे असते.