पाण्याचा हिशेब

सुख भोगताना माणसाला ओशाळे का वाटावे, हा प्रश्न मी आजवर माझ्या कादंबऱ्यांतल्या पात्रांना विचारीत आलो. गेल्या उन्हाळ्यात तो मलाच पडला. आणि तोही अशा ठिकाणी, की जिथे कोणाला कसलाही प्रश्न पडू नये एवढ्यासाठीच पैसे घेतात. पुण्यास नोकरीला असलेल्या धाकट्या भावाने आईच्या सत्तरीनिमित्त आम्हां सर्वांना गोव्यात, कांदोळीच्या बाजूला, समुद्रकाठच्या एका बड्या हॉटेलात तीन दिवस ठेवले. दारातच हातात शहाळे देतात आणि मनगटाला एक कागदी पट्टी बांधतात. पट्टी असेल तो आतला. उरलेले सगळे जग बाहेरचे. जोडप्यांना पोहण्याचा तलाव निराळा, लेकुरवाळ्यांना निराळा. आणि गंमत अशी की, या दोन्ही तलावांपासून शंभर पावलांवर सबंध अरबी समुद्र पसरलेला!

आम्हां लातूरकरांना पाणी नुसते दिसत नाही, ते मोजलेले दिसते. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले. पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आमच्या स्टेशनात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. ती पाहायला माणसे अशी लोटली होती की जणू पालखीच आली आहे. पुढे वाघिणी पन्नास झाल्या. त्या दिवसांत लागलेल्या सवयी अजून सुटत नाहीत. हॉटेलच्या खोलीत शिरताच पत्नीने न्हाणीघरात आधी बादली शोधली. बादली नव्हती. डोक्यावरून पडणारे पाणी सरळ मोरीत जाताना पाहून ती म्हणाली, “अहो, हे धरून ठेवायला काहीच कसं नाही?”

दुसऱ्या दिवशी आग्वादचा किल्ला पाहिला. १६१२ सालचा हा पोर्तुगीज किल्ला. नावाचा अर्थच मुळी पाणी भरून घेण्याची जागा. लांबच्या सफरीची गलबते इथल्या झऱ्याचे गोडे पाणी घेऊन पुढे जात. वरच्या चौकाखाली एक भले मोठे टाके आहे, त्यात सुमारे चोवीस लाख गॅलन पाणी मावत असे म्हणतात. पुढे याच किल्ल्यात तुरुंग झाला आणि गोव्याच्या मुक्तीसाठी झगडणाऱ्यांना तिथे कोंडण्यात आले. १९७४ मध्ये याच किल्ल्याच्या समुद्राकडच्या तटबंदीच्या आधाराने एक आलिशान हॉटेलही उभे राहिले. गलबतवाल्यांची तहान, कैद्यांची बेडी आणि प्रवाशांची विश्रांती, तिन्हींना एकच दगड पुरला. मी पडलो मास्तर! टाक्याकडे पाहताच मनाशी गणित मांडले: आमच्या त्या पहिल्या गाडीसारख्या वीस-एकवीस गाड्या.

संध्याकाळी तलावाकाठी बसून मी तेच गणित त्या निळ्या पाण्याला लावू लागलो. एवढ्यात आपली गल्ली किती दिवस जगली असती, वगैरे. स्वर अर्थातच संतापाचा होता. अशा ठिकाणी फुकट मिळणारी एकच चैन म्हणजे संताप. आई पायरीवर पाय सोडून बसली होती. माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, “अन् आपुन रातच्याला दोनला मोटार लावत होतो, तवा कुठं मांडला हिशेब?”

मी गप्प झालो. ही गोष्ट मी कुठे लिहिलेली नाही. त्या वर्षी आमच्या बोअरला रात्री दोनच्या सुमारास तासभर पाणी येई. गल्लीला कळू नये म्हणून आम्ही दिवे मालवून पाणी चढवीत असू. टाकीत धार पडल्याचा आवाज होतो, म्हणून नळीचे तोंड थेट तळापर्यंत सोडण्याची युक्ती माझीच. सकाळी आमच्या दारासमोरून बाया रिकाम्या घागरी घेऊन जात, आणि मी शाळेत जाऊन टँकरच्या रांगेपायी उशिरा येणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभे करी. त्यांतला एक पुढे शाळेत आलाच नाही.

तेव्हा प्रश्न हॉटेलचा राहिला नाही. भोग टाकल्याने दोष टळतो काय? मी गोव्यात आंघोळ केली नाही म्हणून लातूरच्या घागरीत थेंब वाढणार नाही. तसला त्याग म्हणजे आपल्याच आरशापुढे केलेला नमस्कार. बरे, “पैसे मोजले, विषय संपला” हेही पटत नाही. बोअरचे पैसे आम्हीही मोजले होते. जमीन माझी, खरे. पण सहाशे फुटांवर माझ्या प्लॉटची हद्द कोणती? गोव्यातच दोना पावलाजवळ वायंगिणीच्या किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट एका हॉटेलाने अडवली होती. माणसे कोर्टात गेली, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, समुद्रकिनाऱ्यासारख्या गोष्टींचे सरकार हे लोकांच्या वतीने विश्वस्त आहे. वाट मोकळी करा. (त्यावर हॉटेल वाचावे म्हणून सरकारने कायदाच दुरुस्त केला, हा भाग निराळा.) किनाऱ्याला जे लागू, ते जमिनीखालच्या झिऱ्याला का नाही, याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. एवढे मात्र कळले की, पाण्याने मला कधी ओशाळे केले नव्हते. नळीचे तोंड तळापर्यंत सोडणाऱ्या हाताने केले होते. या हॉटेलात पाण्याहूनही महाग विकतात ती हीच सोय: पलीकडची घागर दिसू नये.

तिसऱ्या दिवशी पहाटे तलावातली पाने जाळीने काढणारा पोरगा आमचे बोलणे ऐकून थबकला. तो कंधार तालुक्यातला निघाला. आतापर्यंतचे ‘सर’ एका क्षणात ‘गुरुजी’ झाले. आईने त्याला विचारले, “हे पाणी रोज सोडून देत्यात का रे?” तो हसला. “नाही आजी, हेच गाळून गाळून फिरवतो आम्ही. उडून जातं तेवढंच भरायचं. खरं पाणी तर त्या हिरवळीला अन् चादरी धुवायला जातं.” माझे गणित असे चुकलेले निघाले, आणि मास्तर असूनही मला त्याचे वाईट वाटले नाही.

बाहेरचे खाणे आत आणायचे नाही अशी पाटी होती. आईने पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पोराने इकडेतिकडे पाहिले आणि पंपाच्या खोलीआड उभ्यानेच खाल्ले.

“लई दिवसांनी,” तो म्हणाला. मग हात धुताना नळ बारीक करीत त्याने विचारले, “तिकडं टँकर सुरू झाले का, आजी?”

“आमच्या गल्लीत नाय अजून,” आई म्हणाली, आणि उरलेल्या दोन दशम्या तिने त्याच्यासाठी कागदात बांधल्या.