बादलीमागे बत्तीस सेंट

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, अमेरिकेतल्या बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये एका रविवारी मिस्सेच्या वेळी दानाची टोपली दोनदा फिरते. पहिल्या खेपेचे पैसे त्या चर्चच्या खर्चाला जातात. दुसऱ्या खेपेचे ‘कॅथलिक कॅम्पेन फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट’ या मोहिमेला. १९६९ मध्ये तिथल्या बिशपांनी ही मोहीम काढायचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी पहिली वर्गणी जमा झाली. मोहीम ठरली तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला दोन वर्षंही झाली नव्हती. अन्नछत्रं, अनाथाश्रम, दवाखाने चर्च आधीपासून चालवतच होतं. तरी दारातली रांग हटत नव्हती.

म्हणून या पैशाला दोन अटी घातल्या गेल्या. एक, यातून कुणाला जेवण किंवा कपडे द्यायचे नाहीत. त्यासाठी दुसरे निधी आहेत. दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या संघटनेला मदत द्यायची, तिचे निर्णय गरिबांनी स्वतः घेतले पाहिजेत. सत्पात्री दान करताना आपण घेणाऱ्याची पात्रता पाहतो. तो व्यसनी नाही ना, खोटं बोलत नाही ना, दिलेलं उधळणार नाही ना. इथे तपासायचं ते वेगळंच: खुर्चीवर कोण बसलंय?

याचं फळ फ्लोरिडातल्या इमॉकलीत दिसलं. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व भागाला टोमॅटो पुरवणारा हा मुलूख. तोडणीला मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीहून आलेले मजूर. १९९३ मध्ये त्यातले थोडे जण तिथल्या एका चर्चने वापरायला दिलेल्या खोलीत जमू लागले आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. या मोहिमेच्या पैशाचा तिला आधार मिळाला. टोमॅटोची एक बादली बत्तीस पाउंडांची, म्हणजे साधारण साडेचौदा किलोची. ती भरून, खांद्यावर टाकून, ट्रकपर्यंत पळत नेली की चाळीस-पंचेचाळीस सेंट. दिवसाची किमान मजुरी पदरात पडायची तर दीड-दोन टन टोमॅटो तोडावे लागत.

अशा ठिकाणी आपल्यासारख्यांनी काय केलं असतं? ब्लँकेटं वाटली असती, दिवाळीला फराळ दिला असता. त्यातही वाईट काही नाही. पण मजुरांनी आधी हिशेब मांडला. शेतमालकाशी भांडून फार काही हाती लागत नव्हतं, कारण हॉटेलांच्या मोठमोठ्या साखळ्या एकगठ्ठा माल घेऊन भाव पाडत आणि मालकालाच दाबत. मालक मग मजुराला दाबे. तेव्हा मागणी न्यायची ती थेट वरच्या टोकाला. २००१ मध्ये त्यांनी टॅको बेल या अशाच एका साखळीवर बहिष्कार पुकारला. मागणी होती पाउंडामागे एक सेंट जादा. बत्तीस पाउंडांच्या बादलीमागे बत्तीस सेंट, म्हणजे मजुरी जवळपास पावणेदोनपट. गिऱ्हाइकाच्या खिशाला त्याची झळही लागणार नव्हती. कॉलेजची मुलं सामील झाली, चर्चं सामील झाली आणि मार्च २००५ मध्ये कंपनीने मान्य केलं. २००७ मध्ये मॅकडॉनल्ड्स आणि पुढच्या वर्षी बर्गर किंग त्याच वाटेने आले.

इथे एक अवघड गोष्ट आहे आणि ती लपवू नये. ज्याला आपण पेजेची वाटी देतो तो आपल्याला आशीर्वाद देतो. ज्याला संघटना बांधायला पैसे देतो, तो उद्या आपल्याच कंपनीच्या फाटकाशी घोषणा देत उभा राहू शकतो. टोपलीत नोट टाकणाऱ्यांत एखादा टोमॅटोवालाही असणारच! त्यामुळे या मोहिमेविरुद्ध तक्रारी सतत होत राहिल्या. काही रास्त होत्या: २००८ मध्ये ‘एकॉर्न’ नावाच्या मोठ्या संघटनेतली पैशांची अफरातफर उघड झाली आणि बिशपांनी तिचा निधी बंद केला. ते योग्यच झालं. पण पुष्कळशा तक्रारींच्या मुळाशी एवढंच होतं, की गरीब माणूस कृतज्ञ राहायचा सोडून मागणी करू लागला. काही धर्मप्रांतांनी ही वर्गणी गोळा करणंच थांबवलं. वर्गणी आटत गेली आणि जून २०२४ मध्ये बिशपांच्या परिषदेने हे काम पाहणाऱ्या विभागातली माणसं कमी केली.

हा विचार अमेरिकेचाच, असं मात्र समजू नका. वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्येच सहकारी पतसंस्था काढली होती; आजची बसीन कॅथॉलिक बँक ती हीच. धर्मगुरूंनी अडल्यानडल्याच्या हातावर चार रुपये ठेवले असते तर त्यांचं नाव झालं असतं आणि सावकाराचं व्याज चालूच राहिलं असतं. पतसंस्थेत कर्ज घेणारा सभासद असतो, वार्षिक सभेत उठून हिशेब विचारू शकतो. सावकाराच्या ओटीवर त्याच्याकडे फक्त अंगठा.

अन्नछत्र बंद करा असं मी म्हणत नाही. भुकेल्याला आज जेवायचं असतं. पण पुढच्या खेपेस एखाद्या संस्थेला चेक लिहाल, तेव्हा करसवलतीच्या पावतीबरोबर तिच्या कार्यकारिणीची यादीही मागून घ्या. ज्यांच्यासाठी ती संस्था चालते, त्यांच्यापैकी किती जणांची नावं त्या यादीत आहेत, तेवढं मोजा.