दादेचे मोल

मला आजवर एकूण तीन बिअर मिळाल्या आहेत. वाचकांनी दचकू नये. त्या प्यायच्या नव्हत्या. बिअर हे एका टोकनाचे नाव होते आणि ते टोकन इंटरनेटवरच्या एका लेखनसमाजात लोक एकमेकांना शाबासकी म्हणून देत असत. कोणाचा मजकूर आवडला की त्याखाली उद्गारचिन्हासह हा शब्द लिहायचा, थोड्या वेळाने लेखकाच्या खात्यात एक छोटीशी रक्कम जमा व्हायची. तिला एका घोट चहाचेही मोल नव्हते.

ही गोष्ट २०२० सालची. शाळा मार्चपासून बंद होत्या. मालेगावात त्या उन्हाळ्याने जे दिवस दाखवले ते आमच्या गावच्या कोणाला नव्याने सांगायला नको. लूम बंद, रस्ते बंद, आणि रात्री इतकी शांतता की झोप लागू नये. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्मलेल्या माणसाला शांततेत झोप येत नाही. धाकटा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. तो फोनवर म्हणाला, "आपा, तू वहीत लिहून ठेवतेस, त्यापेक्षा तिथे लिही. लोक वाचतील आणि दोन पैसेही मिळतील." त्या जागेचे नाव हाइव. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत नानांच्या हातमागावर लिहिले, भावाने इंग्रजी नीट केले. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा देशातल्या एका अनोळखी माणसाने त्याखाली दोन ओळी लिहून मला बिअर दिली.

अम्मीला सांगितले तर ती म्हणाली, "तौबा! दुसरे नाव मिळाले नाही का त्यांना?" नावावरून वस्तू हराम ठरते की गुणावरून, यावर आमच्या घरी त्या संध्याकाळी चांगली चर्चा झाली. तिथे पिझ्झा नावाचेही एक टोकन होते. ते मात्र मला कधी मिळाले नाही, अल्लाहची मर्जी. हसण्यावारी नेलेली ही गोष्ट पुढे माझ्या मनात मोठी होत गेली. तिच्यात एक जुना प्रश्न लपलेला आहे. दाद मोजता येते का? आणि मोजली की ती दाद राहते का?

आधी ही व्यवस्था थोडक्यात सांगते. ब्लॉकचेन म्हणजे एक हिशेबाची वही. मात्र ती एका सावकाराच्या पेटीत नसते. तिच्या नकला अनेकांकडे असतात, आणि एकदा लिहिलेली नोंद कोणा एकट्याला खोडता येत नाही. या तंत्रावर २०१६ साली नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी स्टीम नावाची व्यवस्था उभी केली. लेख लिहा, वाचकांनी मते द्यावीत, सात दिवसांनी मतांप्रमाणे नाण्यांच्या रूपात मोबदला मिळेल, अशी ती कल्पना. हाइव ही तिचीच फुटून निघालेली शाखा. पण सगळ्यांचे मत सारखे नाही. ज्याने जितकी नाणी गुंतवून ठेवली तितके त्याच्या मताचे वजन. शिवाय मोबदल्याचा निम्मा भाग लेखकाला जातो आणि निम्मा मत देणाऱ्यांना. म्हणजे दाद देणाऱ्यालाही दादेचा वाटा मिळतो. या मुख्य नाण्याच्या सावलीत थोडी फी भरून कोणालाही आपले छोटे टोकन काढता येत असे. बिअर हे त्यातलेच एक. तेही कोणीही उठून देऊ शकत नव्हता. ज्याने आधी थोडी बिअर खात्यात बांधून ठेवली असेल त्यालाच रोज थोडी वाटण्याचा हक्क होता.

मताला वजन असावे यात मला पहिल्यांदा काही गैर वाटले नाही. आमच्याकडच्या मुशायऱ्यात ज्यांनी रात्र जागवली आहे त्यांना ठाऊक आहे की तिथेही सगळ्यांची 'वाह' सारखी नसते. हजार लोक ओरडले तरी शायराची नजर मंचावरच्या बुजुर्ग उस्तादाकडे असते. उस्तादाने नुसती मान हलवली तरी शायर उठून आदाब करतो. मात्र ते वजन उस्तादाने चाळीस वर्षे शब्दांची सेवा करून कमावलेले असते, ते बाजारातून विकत आणता येत नाही. उद्या एखादा लूममालक पन्नास माणसे पगारावर बसवून 'मुकर्रर, मुकर्रर' म्हणायला लावू लागला तर मंडपातल्या शेवटच्या रांगेतला हमालसुद्धा हसेल. त्या शेवटच्या रांगेला गझल कळते, आणि विकत घेतलेली दादही कळते.

साठ्यावर वजन ठरले की काय होते याचा धडा त्या समाजाला मी तिथे जाण्याच्या तीन महिने आधीच मिळाला होता. २०२० च्या फेब्रुवारीत जस्टिन सन या उद्योजकाने स्टीमिट ही मूळ कंपनी विकत घेतली. कंपनीजवळ सुरुवातीपासूनचा नाण्यांचा प्रचंड साठा होता. तो साठा व्यवस्थेच्या निवडणुकीत वापरला जाईल या भीतीने तिथल्या निवडून आलेल्या चालकांनी तो गोठवला. मग २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या नाण्यांच्या पेढ्यांवरून ग्राहकांच्या ठेवीतली नाणी मतांसाठी गुंतवली गेली आणि एका झटक्यात चालक बदलले. ही नेहमीची तांत्रिक सुधारणा आहे असे आम्ही समजलो, असा खुलासा बायनान्सने नंतर केला आणि मते काढून घेतली.

भावाने हे सांगितले तेव्हा माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, अमानत. कोणी आपल्याकडे दागिना ठेवायला दिला तर तो मोडायचा नाही, हे सगळे जाणतात. पण तो अंगावर घालून लग्नालाही जायचे नाही, हे अमानतीचे खरे मर्म आहे. दागिना परत मिळाला, झिजलाही नाही, तरी खयानत झालीच. कारण त्याच्या झळाळीने जी इज्जत मिळाली ती ठेवणाऱ्याची होती. ठेवीदारांची नाणी परत मिळाली असतील, पण त्यांचे मत कोणीतरी आधीच बोलून गेले होते. मताची खयानत ही पैशाच्या खयानतीहून सूक्ष्म आहे. तिचा हिशेब मागायला कोणी येत नाही.

२० मार्च २०२० ला नाराज लोक हाइव घेऊन वेगळे झाले. प्रत्येकाला जुन्या नाण्याइतकेच नवे नाणे दिले, पण कंपनीचा साठा वगळला आणि सन यांच्या बाजूच्या काही खात्यांनाही वगळले. दोन महिन्यांनी, मे २०२० मध्ये, स्टीमवर उलट झाले. विरोधकांच्या ६४ खात्यांतली सुमारे २ कोटी ३६ लाख स्टीम नाणी काढून घेण्यात आली. कोणालाही खोडता येणार नाही अशी वही दोन्हीकडच्या बहुमताने आपापल्या सोयीने लिहिली, आणि दोघांच्या तोंडी शब्द एकच होता, न्याय. मला पहिल्या बाजूची सहानुभूती आहे. तरी हे नमूद केले पाहिजे.

आता माझ्याबद्दल. इथवर दुसऱ्यांचे दोष सांगणे सोपे होते.

तिथे माझ्या लेखांना एक वाचक लाभला. त्याच्या खात्यात बरीच नाणी होती. त्याचे एक मत म्हणजे माझ्यासारख्या शंभरांची मते. तो मत देई त्या आठवड्यात मला चारदोनशे रुपये दिसत, नाही त्या आठवड्यात पाचदहा. तोही लिहीत असे. खरे सांगायचे तर वाईट लिहीत असे, लांबलचक आणि पोकळ. मी त्याच्या प्रत्येक लेखाखाली जाऊन स्तुती करू लागले. त्याने तसे कधी सुचवले नव्हते. 'फार सुंदर', 'मनाला भिडले' असे शब्द मी लिहिले, आणि त्यातले एक अक्षरही खरे नव्हते. वर्गात मुलीने न वाचता 'वाचले' म्हटले तर मी तिला उभी करते. इथे मी स्वतः न भिडलेले भिडले म्हणून लिहीत होते, आणि तेही खोडता न येणाऱ्या वहीत. पैसा थोडा होता म्हणून गुन्हा थोडा, असे मनाला समजावून पाहिले. पण खोटी साक्ष रकमेवरून लहानमोठी ठरते का?

माझ्या लक्षात आले की अनोळखी माणसाच्या त्या बिअरसाठी मी कधीच खोटे बोलले नव्हते. ती इतकी क्षुल्लक होती की तिच्यासाठी ईमान विकायला कोणी बसले नसते. तिच्या कवडीमोलानेच तिला स्वच्छ ठेवले होते.

तरीही ती तरी दाद होती का? इमाम गझालींनी पैशाला आरशाची उपमा दिली आहे. आरशाला स्वतःचा रंग नसतो, म्हणून त्यात सगळे रंग दिसतात. रुपयाचा गुण हाच की तो कोणाकडून आला याने फरक पडत नाही. कसायाचा रुपया आणि काझीचा रुपया दुकानात सारखाच चालतो. दादेचा गुण नेमका उलटा आहे. ती कोणी दिली यातच तिचे सगळे मोल. नानांच्या मागावरच्या लेखाला विणकराने दिलेली दाद आणि मला खूश करू पाहणाऱ्याने दिलेली दाद यांची बेरीज होत नाही. मग दादेचे नाणे ही गोष्टच कशी जमावी? माझ्या खात्यात तीन बिअर पडल्या. तिथे त्या मिसळून गेल्या, कोणती कोणाची हे सांगता येत नाही. त्या अनोळखी माणसाच्या दोन ओळी मात्र लेखाखाली त्याच्या नावासह अजून आहेत. त्याने लिहिले होते की त्याची आजीही विणायची, आणि धागा तुटला की ती बोटाला थुंकी लावून गाठ मारायची. माझे नानाही तसेच करीत. मी ते लेखात लिहायला विसरले होते.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा मी सातवीच्या वर्गात एक प्रयोग केला. पिवळ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, त्यावर उर्दूत 'शाबाश' लिहिले आणि सांगितले, ज्याने तुमचे काही भले केले त्याला एक द्या. आठवड्यात बाजार भरला. दोन शाबाशला एक पेन्सिल, पाचला गृहपाठाची वही. एका मुलाने घरी तसलाच कागद कापून नव्या चिठ्ठ्या तयार केल्या. हे रिझर्व्ह बँकेलाही चुकलेले नाही, तर मला कसे चुकणार! मग मी नियम केला की चिठ्ठीवर कोणी, कोणाला, कशासाठी हे लिहिले पाहिजे. बाजार बंद झाला. चिठ्ठ्याही कमी झाल्या, कारण 'कशासाठी' लिहायला मुलांना वेळ लागतो. एका मुलीने तीन दिवस विचार करून लिहिले, 'मला रडताना पाहिले आणि कोणाला सांगितले नाही म्हणून.' मी ती चिठ्ठी वाचायला नको होती.

अशा नाण्यांचा व्यवहार जायज की नाजायज, हा प्रश्न मी जाणत्यांवर सोडते. तुर्कस्तान, इजिप्त, इंडोनेशियातून विरोधाचे निवाडे आले, काही आलिमांनी वेगळे मतही दिले. आपल्या सरकारने १ एप्रिल २०२२ पासून अशा मिळकतीवर ३० टक्के कर लावला. माझे पती हिशेबाचे माणूस. त्यांनी विचारले, "तुझ्या शाबासकीवर किती कर बसतो?" आकडा पैशांतही मोजता येईना तेव्हा त्यांनी नाद सोडला.

त्या वजनदार वाचकाचे राहिले. त्याच्या एका लेखाखाली शेवटी मी खरे लिहिले. लिहिण्याआधी दोन रात्री काढल्या. लेख लांबला आहे, वडिलांविषयीचा एकच परिच्छेद खरा वाटतो, बाकीचा वाचताना मी कंटाळले, असे लिहिले. भावाला आधी दाखवले नाही. त्या वाचकाने 'धन्यवाद' एवढेच उत्तर दिले. माझ्या पुढच्या लेखावर त्याचे मत आले नाही. त्यानंतरच्याही नाही. तिसरा लेख मी बंद पडलेल्या लूमच्या शांततेवर लिहिला होता. त्यावर त्याचे मत आले, पूर्ण वजनाचे, आणि खाली एक अक्षरही नाही. लेख त्याला आवडला होता, की माझे खरे बोलणे आवडले होते, की बोट चुकून पडले होते, हे मला अजून कळलेले नाही.