अंजिराचें झाड आणि माळ्याचें खत

लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांत निष्फळ अंजिराचा दाखला आहे. धनी झाड तोडावयास सांगतो. माळी मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागतो आणि भोंवतालची माती खणून खत घालण्याचें पत्करतो. आजवर आम्ही त्या माळ्याची रदबदलीच वाखाणीत आलों. मातींत काय पडत आहे, हा विचार आमच्या मनांत कधीं आला नव्हता.

गेल्या पावसाळ्यांत प्रार्थनामंदिराच्या आवारांत लावलेलें कडुनिंबाचें रोप वाळलें. उपटून पाहिलें तों रोपवाटिकेची काळी पिशवी मुळांभोंवतीं तशीच! ती न काढतांच आम्हीं रोप पुरलें होतें. मुळें आंतल्या आंत वेटोळीं घेऊन गुदमरलीं होतीं. चूक सर्वस्वी आमची.

पिशवी निदान डोळ्यांस दिसते. परंतु उन्हानें व नांगरानें प्लॅस्टिकाचा भुगा होतो. ५ मिलिमीटरहून लहान कणांस सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. बर्लिन येथील संशोधकांनीं बर्च नांवाच्या झाडांच्या मातींत असे चमकणारे कण मिसळून पांच महिन्यांनीं मुळें तपासलीं, तों ५ ते ५० मायक्रोमीटरचे कण मुळांच्या आंत आढळले. हा शोध २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. वृक्षाच्या आयुष्यापुढें पांच महिने म्हणजे क्षणभरच. तेव्हां तेवढ्यावरून झाडें मरतातच असें कोणीं म्हणूं नये. तथापि अशा कणांनीं मातीची घडण व पाणी धरण्याची शक्ति बदलते, आणि मुळांस अन्न पुरविणारी बुरशी व गांडुळें त्याच मातींत राहतात. एकदां मिसळलेला कण वेंचून काढणें मनुष्याच्या हातीं नाहीं.

महाराष्ट्रांत २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांस बंदी झाली. शेती व रोपवाटिकेस लागणारें प्लॅस्टिक मात्र तींतून वगळलें गेलें. टरबूज, मिरची निघाल्यावर मल्चिंग पेपर गोळा करावयास मजुरी पडते, म्हणून कित्येक जण त्यावरच रोटाव्हेटर फिरवितात. गरीब कुळास ती मजुरी जड जाते, हें आम्ही जाणतों. त्यास दोष देण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. पण दाखल्यांतील जमीन माळ्याची नव्हती, धन्याची होती, आणि माळ्यानें तेथें घातलेलें खत झाडास पोसणारें होतें.

आतां आम्हीं दुसरें रोप लावलें आहे, पिशवी फाडून. येत्या रविवारीं उपासनेनंतर मंडळींतील तरुण एका विधवा भगिनीच्या शेतांतील फाटका पेपर, रोटाव्हेटर येण्यापूर्वीं, वेंचणार आहेत. पोतीं आम्ही आणूं.